तुम्ही परत ठेवलेलं पोस्टकार्ड

बाबा, तुमचा पोस्टकार्डांचा अल्बम आज स्वयंपाकघरातल्या टेबलावर काढून बसले आहे. चहाचा कप मुद्दाम ओट्यावर ठेवलाय. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, तरी या अल्बमजवळ कप आणायची अजून माझी छाती होत नाही. अख्ख्या अल्बमात एकच शाळा आहे. इंग्लंडमधली, काही शतकं जुनी, मुलांनी तिथेच राहून शिकायची. दगडी फाटक, घड्याळाचा मनोरा, चॅपेल, जेवणाचा लांबलचक हॉल, हिरवळीवर क्रिकेट खेळणारी गवती हॅटवाली मुलं. ही कार्डं छापली तेव्हा तुमच्या वडिलांना मिसरूडही फुटलेलं नसेल. काहींवर हाताने रंग भरलेत, आणि रंगवणाऱ्याने गवत इतकं पोपटी केलंय की आई म्हणायची, हे कोथिंबीर म्हणून बाजारात खपेल.

ऐंशीच्या दशकातलं, अमेरिकेतलं आपलं आयसेलिनजवळचं अपार्टमेंट आठवतं. रविवारी सकाळी तुम्ही मला घेऊन फ्ली मार्केटला, जुन्या वस्तूंच्या बाजारात, जायचात. आपल्या ओळखीचे बाकीचे काका तिथे जुने टीव्ही नाहीतर सूटकेसी बघत हिंडायचे, आणि तुम्ही बुटांच्या खोक्यांत भरलेली जुनी पोस्टकार्डं पालेभाजी निवडावी तशी एकेक करून निवडत बसायचात. त्या शाळेचं कार्ड सापडलं तरच घ्यायचं, नाहीतर हात हलवत परत. "ह्या माणसाने त्या शाळेचं तोंड पाहिलेलं नाही," आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "काय पुरून ठेवलंय तिथे, तुम्हीच विचारा." कुणी विचारलंच तर तुम्ही हसायचात आणि पाहुण्यांच्या ताटात आणखी पोहे वाढायचात.

मी अकरा वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. त्या सुमारास आपल्या लोकांत एक साथच आली होती. मूल मराठी बोलेनासं झालं, उलट उत्तर द्यायला लागलं, की त्याला भारतात पाचगणीच्या बोर्डिंग स्कूलला धाडायचं. आपल्या ओळखीच्या, मूळ नागपूरच्या काकांनी त्यांच्या मुलाला आदल्याच वर्षी धाडलं होतं, आणि आता ते आपल्या घरी बसून तुम्हाला समजावत होते. "यार, वेट कसला करतोस? आमचा गेला तेव्हा नुसतं व्हॉट, व्हॉट करायचा. आता फोनवर आजीशी फर्स्ट क्लास मराठी बोलतो. ॲडमिशन घेऊन टाक, नंतर पस्तावशील." आई तर टेकीलाच आली होती. "माझी आई तिकडून जीव तोडून बोलते आणि ही नुसती 'ओके, ओके' करते. उद्या आजी-नातीत दुभाषा ठेवायचा का?" तुम्ही उठलात. मला टीव्ही लावून बाहेर बसवलंत आणि दार लोटून घेतलंत. पण मला हवं ते, म्हणजे नको ते, ऐकू आलं होतं.

पुढच्या रविवारी तुम्ही हा अल्बम टेबलावर उघडलात, खुर्ची माझ्या खुर्चीला चिकटवलीत आणि मनोऱ्याच्या चित्रावर बोट ठेवून म्हणालात, "बाळ, काय काय दिसतंय ते सांग. मराठीत." माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काकांच्या मुलाला पाचगणी, आणि मला ही शाळा. इतकी कार्डं उगाच जमवली नव्हती तर. आणि हे जे चाललंय, ती प्रवेशपरीक्षा. अल्बममध्ये एकही मुलगी नव्हती, त्याचाही अर्थ मी लावला. तिथे नेण्याआधी माझे केस कापणार. आईची कात्री मी सोफ्याखाली सरकवून दिली, ती तिला थेट दिवाळीच्या साफसफाईत सापडली.

मग परीक्षेत नापास व्हायचं, एवढंच माझ्या हातात होतं. "हे काय आहे?" तुम्ही घड्याळ दाखवायचात. "आय डोन्ट नो." "अगं, घड्याळ. आणि हे?" "सम काइंड ऑफ विंडो?" खिडकी मला येत होती. गवत, टोपी, दगड, पायऱ्या, सगळं येत होतं. तुमचं आणि आईचं बोलणं मी जन्मापासून ऐकत होते, फक्त तोंडातून बाहेर काढलं नव्हतं. एरवी पंखा बंद केला नाही म्हणून ओरडणारे तुम्ही, त्या टेबलाशी एकदाही ओरडला नाहीत. पुन्हा सांगायचात, पुन्हा विचारायचात, आणि मी पुन्हा खांदे उडवायचे. आई पाठमोरी फोडणी करता करता ऐकायची आणि म्हणायची, "झालं समाधान?" दर रविवारी तुमचा चेहरा थोडा आणखी उतरायचा, आणि त्यावर मी मनातल्या मनात उड्या मारायचे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी आपण पुन्हा त्या बाजारात गेलो. पोस्टकार्डं विकणारी पांढऱ्या केसांची बाई तुम्हाला चांगली ओळखायला लागली होती. तिने तुमच्यासाठी एक कार्ड वेगळं काढून ठेवलं होतं. त्यावर मुलांची निजायची खोली होती. लांबट दालन, दोन्ही बाजूंना लोखंडी पलंगांची रांग, प्रत्येकाच्या पायथ्याशी एक ट्रंक, आणि माणूस एकही नाही. तुम्ही ते हातात घेऊन बराच वेळ पाहिलंत आणि खोक्यात परत ठेवलंत. त्या शाळेचं कार्ड तुम्ही परत ठेवलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. "समथिंग राँग विथ इट?" तिने विचारलं. "नो, नो. व्हेरी गुड कार्ड," तुम्ही म्हणालात. "बट नॉट धिस वन." आणि माझा धीर सुटला. सगळ्यांदेखत मी विचारलं, "बाबा, इज दॅट व्हेअर आय विल स्लीप?"

तुम्ही मला गाडीत आणून बसवलंत, पण गाडी सुरू केली नाहीत. रडत रडत मी सगळं ओकले, परीक्षा, केस, कात्री. तुम्ही स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकत होतात. मग म्हणालात, "माझ्या गावात चौथीच्या पुढे शाळा नव्हती. आप्पांनी, तुझ्या आजोबांनी, मला सांगलीच्या बोर्डिंगात आणून सोडलं. नऊ वर्षांचा होतो. तिथे रेक्टरच्या खोलीत भिंतीवर एकच चित्र होतं, त्या मनोऱ्याचं, खाली हिरवळीवर पोरं. कुठून आलं होतं देव जाणे. घरची आठवण आली की मी बाहेर उभा राहून खिडकीतून त्या चित्रातल्या पोरांशी बोलायचो. तीही माझ्यासारखीच, घर सोडून आलेली. ह्या देशात आल्यावर खोक्यात ते दिसलं, आणि जुने दोस्त भेटल्यासारखं झालं. आजची ती खोली मात्र माझ्या बोर्डिंगसारखीच निघाली, म्हणून परत ठेवली." मी विचारलं, म्हणजे मला नाही पाठवणार? "अगं, पाठवावं लागू नये म्हणून तर हे चाललंय. तुझी आई म्हणते, मराठी आली नाही तर पाचगणी. मी म्हटलं, मला उन्हाळ्यापर्यंत वेळ दे, मी शिकवतो. घरात चित्रांचं पुस्तक नव्हतं, हा अल्बम होता." गाडीची किल्ली फिरवत तुम्ही म्हणालात, "पण तू तर काही शिकेनास."

म्हणजे ज्या फांदीवर बसले होते तिच्यावरच मी इतके रविवार कुऱ्हाड चालवत होते. मी नाक पुसलं आणि सुरू झाले. घड्याळ, मनोरा, खिडकी, दगडी फाटक, हिरवंगार गवत, हॅट घातलेली मुलं, त्यातला एक मुलगा पडलाय आणि बाकीचे त्याला हसताहेत. गाडी हायवेला लागली तरी माझी टकळी चालूच. शेवटी तुम्ही गाडी एका पेट्रोल पंपावर घेतलीत. "हे सगळं तुला येत होतं?" मी मान हलवली. तुम्ही इतके हसलात की चष्मा काढून डोळे पुसावे लागले, आणि ते डोळे नुसत्या हसण्याने भरले नव्हते हे मला त्या वयातही कळलं. त्या संध्याकाळी मी आजीला फोनवर ती अख्खी शाळा वर्णन करून सांगितली. आजीने आईला विचारलं, "पोरीला विलायतेला घातलंत की काय?" आईने पदराने डोळे टिपले आणि नागपूरच्या काकांना फोन लावला. "भावजी, पाचगणी कॅन्सल केलं."

ही मराठी, जिच्यात आज तुम्हाला लिहितेय, ती या टेबलावरची. पत्र अर्थातच कुठे जाणार नाही. घडी करून अल्बमच्या शेवटच्या पानात ठेवीन. तिथे आता एक कार्ड आहे, बाबा, जे तुम्ही लावलेलं नाही. गेल्या महिन्यात एका जुन्या वस्तूंच्या दुकानात मला ती निजायची खोली सापडली. तुम्ही नको म्हणाला होतात, तरी मी ती घेतली. त्यातला खिडकीजवळचा पलंग तुमचा, असं मी ठरवून टाकलंय. रोज सकाळी चहाआधी मी ते पान उघडते. तुम्हाला जन्मभर अहो-जाहो केलं, पण त्या पलंगावरच्या नऊ वर्षांच्या पोराला मी अरे म्हणते. म्हणते, ऊठ रे, ट्रंक भर. घरी जायचंय.