इस्त्री केलेल्या मुंग्या

४ मे

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पाकीट जपून फोड, आत मुंग्या आहेत. मेलेल्या आहेत, किंचाळू नकोस.

तुझा बाप परवा सुताराला घेऊन आला होता. सुताराने माळ्याच्या तुळईवर टकटक केलं, खाली सांडलेला भुसा बोटावर घेतला, दोनचार पंखवाले किडे पाहिले आणि वाळवी म्हणून मोकळा झाला. माळा उतरवा, तुळई काढा, तरी घर वाचेल याचा भरवसा नाही म्हणे. दादाने लगेच त्याची री ओढली. घर विकून टाक आणि माझ्याकडे राहायला ये, एवढंच पालुपद. गिऱ्हाईकही पाहून ठेवलंय पठ्ठ्याने, महिनाअखेरीला येणार आहे. आता बोल! या खोलीत मी शिलाई मशीन मांडलं तेव्हा तुझा पत्ताही नव्हता. माझी अर्धी गिऱ्हाइकं गुडघे धरून चालतात, ती दादाच्या तिसऱ्या मजल्यावर मापं द्यायला चढणार होय?

मला काही ती वाळवी वाटत नाही. तू किड्यांच्या प्रयोगशाळेत पगार घेतेस ना, मग सांग. घरात सापडले तेवढे नमुने धाडते आहे. पोस्टात चुरगळू नयेत म्हणून दोन कागदांमध्ये घालून वरून हलकी इस्त्री फिरवली आहे. उत्तर लवकर दे, नाहीतर माझं बोचकं बांधलंच समज.

तुझ्यावर जीव टाकणारी,
आत्या

१० मे

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आत्या, धन्य आहेस तू! पाकीट उघडलं आणि आमची अख्खी प्रयोगशाळा पोट धरून हसली. सरांनी एक नमुना भिंगाखाली धरला आणि हा किडा आहे की डाग, असं मला विचारलं. अगं, ओळखायचं असतं ते कमरेवरून, आणि तू नेमकी तीच सपाट केलीस!

आता जिवंत बघ. मुंगीची कंबर चिमटीत धरल्यासारखी बारीक असते, वाळवी वरपासून खालपर्यंत सरळसोट. मुंगीच्या मिशा कोपरासारख्या दुमडलेल्या, वाळवीच्या सरळ. पंखवाली असेल तर मुंगीचे पुढचे पंख मोठे आणि मागचे लहान, वाळवीचे चारही सारखे. आधी स्वयंपाकघरातल्या मुंग्यांवर नजर बसव, मग माळ्यावर चढ. आणि शिडी कुणालातरी धरायला सांग, आगाऊपणा नको.

बाबांचं काय चाललंय कळत नाही. आई गेल्यापासून फोनवर आधीच कमी बोलायचे, हल्ली बोलतात ते फक्त तुझ्या वाळवीबद्दल. जेवलात का विचारलं की वाळवी, झोप लागते का विचारलं की वाळवी. जरा लक्ष ठेव.

इस्त्री बंद ठेव आणि माझ्यावरची माया चालू ठेव.

तुझी,
भिंगरी

१७ मे

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

अगं मुंग्या! मुंग्याच आहेत त्या! शिडीवरून उतरून तशीच लिहायला बसलेय, अक्षर गोड मानून घे.

तू म्हणालीस तशी स्वयंपाकघरापासून सुरुवात केली. साखरेच्या डब्यापाशी इवल्याशा आहेत, डोकं काळं आणि मागचं अंग इतकं फिकं की पांढऱ्या ओट्यावर नुसती डोकीच पळताना दिसतात. इतकी वर्षं पुसून टाकल्या गं, बघितल्या कधी नव्हत्या! खिडकीतल्या काळ्या, लांब तंगड्यांच्या. त्यांना सरळ चालणं ठाऊकच नाही, चावी हरवल्यासारख्या सैरावैरा धावत असतात. उंबऱ्याशी लाल आहेत. त्यांनी आपली ओळख स्वतःच करून दिली, अंगठा अजून सुजलाय.

मग शेजारणीला शिडी धरायला लावून वर चढले. तुळईच्या फटीतून चांगले मोठे काळे मुंगळे ये-जा करत होते. एक पंखवाला काचेच्या पेल्याखाली धरला. कंबर अशी की माप घ्यायला टेप नको, दोराच हवा! मिशा दुमडलेल्या. पुढचे पंख लांब, मागचे आखूड. मी वरूनच ओरडले, शेजारीण घाबरून शिडी सोडून पळाली.

पण मग तो भुसा कसला? लाकूड खातात का हे मेले? तेवढं सांग, म्हणजे दादाला गप्प करते. गिऱ्हाईक यायला फार दिवस उरले नाहीत.

आनंदाने वेडी झालेली,
आत्या

२२ मे

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

शाब्बास! तुझं पत्र सरांना वाचून दाखवलं. डागाबद्दलचे शब्द मागे घेतो म्हणाले.

मुंगळे लाकूड खात नाहीत. राहण्यापुरतं कोरतात आणि भुसा बाहेर फेकतात. पण त्यांना बहुतेक ओलावलेलं, मऊ पडलेलं लाकूड लागतं. म्हणजे तुळईत कुठूनतरी पाणी मुरतंय. ते शोध आणि कुजलं असेल तेवढंच बदल. तुझं घर वाचलं, आत्या!

मी उड्या मारत बाबांना फोन केला. वाटलं, खूश होतील. पण ते हळूच म्हणाले, त्यांच्या ओट्यावरही मुंग्या येतात. त्यांच्याकडे ते बघत बसतात, पण या बघ म्हणून हाक मारायला घरात कुणी नाही. मग लगेच फोन ठेवला. आत्या, मला रडू आवरेना. त्यांना वाळवीशी काही घेणंदेणं नव्हतं गं. त्यांना तू हवी होतीस.

मी इतकी लांब. तुझ्याच भरवशावर आहे.

तुझी,
भिंगरी

३१ मे

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं, मशीन बंद केलं आणि तडक दादाचं घर गाठलं. पाणी मुरतंय ते शोधायला माणूस हवाय म्हटलं आणि हाताला धरून घेऊन आले. बॅटरी धरून सगळा माळा पालथा घातला त्याने. टाकीचा नळ तुळईच्या टोकावर ठिबकत होता. नळ बदलला. सुताराने तुळईचं हातभर टोक कापून नवीन जोडलं, बाकी लाकूड ठणठणीत निघालं. सुतार जरा ओशाळला, पण काम झकास केलं त्याने.

काम संपलं तरी दादा जाण्याचं नाव काढेना. मीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याचे कपडे आणले, नंतर त्याची खाट. मशीनच्या खडखडाटात झोप लागणार नाही म्हणत होता, दुपारी घोरतो नुसता!

काल गिऱ्हाईक आलं. त्याला परत नाही गं पाठवलं. दादाने त्याला स्वतःचा तिसरा मजला दाखवला आणि त्याला तो पसंतही पडला. आता सुट्टीत माहेरी यायचं ते इथेच.

पत्र आवरतं घेते. तुझा बाप केव्हाचा ओट्यापाशी भिंग घेऊन बसलाय आणि मला हाका मारतोय. काहीतरी नवीन दिसलंय वाटतं त्याला. जाते बघायला.

तुमच्या दोघांची,
आत्या