सुमाकला कोकम म्हणाले

वालचंदनगर, रविवार, संध्याकाळचे सात

सासूबाई समोर पलंगावर आहेत आणि मी दर ओळीनंतर त्यांचे ओठ बघतेय. अजून तरी सुजलेले नाहीत.

माझ्या लेकीनं, पूर्वानं, दुबईहून सुमाक पाठवलं. कसल्याशा फळांची लाल, आंबट पूड. परदेशी म्हटलं तर सासूबाई खाणार नाहीत, म्हणून दुपारी काकडीच्या कोशिंबिरीवर भुरभुरताना "कोकमाची पूड आहे" म्हणाले. त्यांनी दोनदा मागून घेतली.

चारला पूर्वाचा फोन. "आई, आजीला ते देऊ नकोस हं. बिब्ब्याच्याच कुळातलं आहे."

सासूबाईंना बिब्बा उततो. कळंबला एकदा नुसता हात लागला, तर डोळे मिटेपर्यंत तोंड सुजलं होतं.

धावत व्हरांड्यात गेले. त्या दंड खाजवत बसल्या होत्या.

"पित्त उठलंय जनू. भिऊ नगं, औषध घेतलंय."

"कसलं, आत्या?"

"तुझीच कोकमाची पूड. पाण्यात दोन चमचं."

पित्त उठलं की कोकम, हे मला माहीत नव्हतं का? खोटं बोलायला तेवढंच नाव सुचलं?

लगेच डॉक्टरांना घरी बोलावलं. त्यांनी काय खाल्लं विचारलं. माझ्याआधी त्याच बोलल्या, "कोकम. सूनबाईनं दिलं, ते वंगाळ कसं आसंल?"

डॉक्टरांना मी बाजूला नेऊन खरं सांगितलं. त्यांनी इंजेक्शन दिलं, ओठांवर लक्ष ठेवा म्हणाले. सासूबाईंना मात्र अजून सांगितलेलं नाही.

आत्ता हाक मारली त्यांनी. पुन्हा खाज सुटलीय. कोकम मागतायत.