नऊच्या स्प्रिंगा

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यातून निवृत्त, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचे डॉक्टरांनी आज तपासून लिहून दिले आहे. दुपारी बसल्या बसल्या डोळा लागतो आणि इंजिनाचा आवाज ऐकू येतो, हेही मी त्यांना सांगितले. त्याने मृत्युपत्राला बाधा येत नाही म्हणाले. माझ्यावर कोणाचे दडपण नाही आणि याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर, सामान व बँकेतील ठेव माझ्या एकुलत्या एका लेकीला. घर विकायचे तर तिने खुशाल विकावे. मागच्या खोलीच्या फरशीवर तेलाचे डाग आहेत. ते घासून मी थकले, तिने त्यांच्या नादी लागू नये.

२. कवळ्या घासायच्या माझ्या बारीक कानशी, चिमटे व भिंग हेही लेकीलाच. तिला उपयोग नाही, तरी ठेवावे. पुढचे सगळे याच हत्यारांनी घडले.

३. आमच्या यजमानांना रिमोटवर चालणाऱ्या नायट्रो गाड्यांचा नाद होता. गाडी हातभर लांब, पण इंजिन खरेखुरे. दर रविवारी मातीच्या ट्रॅकवर हे गाडी चालवायचे आणि क्लच मी बघायची. इंजिनाच्या चाकावर तीन छोटे शू, म्हणजे पकड घेणारे तुकडे असतात, प्रत्येकाला एक स्प्रिंग. इंजिनाने वेग घेतला की शू बाहेर फेकले जातात, भोवतीच्या वाटीला धरतात आणि गाडी सुटते. स्प्रिंग जाड असली तर शू उशिरा धरतात आणि गाडी उसळते. बारीक असली तर लवकर धरतात आणि गाडी अलगद निघते. सर्वांत बारीक त्या नऊच्या, मग दहाच्या, मग अकराच्या. आमचे हे अकरावाले. ॲल्युमिनियमचे शू, अकराच्या स्प्रिंगा, आणि सुटताना मागे धुळीचा पडदा. त्या धुळीत ऊन तरंगत राहायचे, इंधनाचा गोडसर धूर हलायचा नाही, आणि मला वाटायचे आपण सगळे कुठल्या तरी पाण्याच्या तळाशी उभे आहोत.

४. मग यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, पण डाव्या हाताचे बोट सावरले नाही, आणि वेग देणारा रिमोटचा घोडा त्याच बोटाने दाबायचा. बोट एकदम दाबले जाई, नाहीतर दाबलेच जात नसे. गाडी उसळून ट्रॅकच्या कडेच्या फळीवर आदळायची. "विकून टाक," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

मी ॲल्युमिनियमचे शू काढून मऊ प्लॅस्टिकचे घातले, तेही उलट्या तोंडाने, म्हणजे धरताना ओरखडणार नाहीत. स्प्रिंगा नऊच्या. गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग कमी केला, नाहीतर गाडी जागच्या जागी सरकत राहते. यांना काही सांगितले नाही. रविवारी कसाही घोडा दाबला तरी गाडी झोपेतून उठल्यासारखी निघाली. हे बघतच राहिले. "बोट सुधारतंय गं," म्हणाले. त्या दिवसापासून डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू रोज दाबू लागले, आणि बोट खरोखरच सुधारू लागले. आठ महिन्यांत मी एकेक करत तीनही स्प्रिंगा दहाच्या केल्या.

५. भावजी, म्हणजे माझे धाकटे दीर. वार्षिक शर्यतीच्या सकाळी त्यांनी गाडी एक फेरी मारायला घेतली, टेबलावर आणून उघडली, आतला क्लच बघितला आणि चारचौघांत म्हणाले, "दादा, ही गाडी तू चालवत नाहीस. वहिनी चालवतात."

यांनी रिमोट खाली ठेवला आणि चालत घरी गेले. चार दिवस आमच्यात शब्द नव्हता. पाचव्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन बसले.

"मला न सांगता केलंस."

"हो."

"आता मी लावतो. तू नुसती बघ."

एक स्प्रिंग बसवायला अख्खी दुपार गेली. दोनदा उडाली, दोनदा आम्ही म्हातारा-म्हातारी रांगत पलंगाखाली गेलो. दुसऱ्यांदा तिथेच बसून हसलो. खिडकीतले ऊन पलंगाखाली आले होते आणि बाहेर यावेसे वाटेना. त्यानंतरची सहा वर्षे कुठल्या शर्यतीला कुठल्या स्प्रिंगा, ते दोघांनी मिळून ठरवले. एकदा चौथे आलो. माझ्या संसारातली ती सर्वांत चांगली वर्षे.

भावजींना मी मात्र त्या सकाळपासून घरात घेतले नाही. यांच्या अंत्यविधीला आले तेव्हाही बोलले नाही. भावजी, तुमचे म्हणणे खरे होते, पण चारचौघांत सांगायला नको होते. आणि माझे लपवणेही चूकच होते, हे मी आज लिहून देते.

लेक सांगते की आता तुमचेच हात कापतात आणि तुम्ही ट्रॅकवर जाणे सोडले. म्हणून यांची गाडी, रिमोट व क्लचच्या सामानाचा डबा माझ्या पश्चात तुम्हाला. मऊ शू व नऊच्या स्प्रिंगा बसवून ठेवल्या आहेत.

६. मृत्युपत्राची अंमलबजावणी लेकीने करावी. माझ्यामागे फोटोला हार घालू नये, मला फुलांनी शिंका येतात.

७. वरील मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवला. कलम पाच ऐकून डॉक्टरांनी चष्मा काढला. "बाई, तुमची तब्येत ठणठणीत आहे. अजून दहा वर्षं जगाल. कापरे हात तोवर थांबतात का?"

मी कलम पाचचा शेवटचा परिच्छेद एका रेघेने खोडला. खोडल्या जागी माझी व दोन्ही साक्षीदारांची सही आहे. त्यातील वस्तू आता माझ्या मालमत्तेत धरू नयेत. परवा रविवार आहे. भावजींना मघाशी फोन केला. परवा गाडी तुमच्या हातात देते म्हटले. ते म्हणाले, "वहिनी, ट्रॅकवर येऊ, की घरी?"

घरी या म्हटले.

सही : (स्वहस्ते)
साक्षीदार १ : आमचे डॉक्टर (सही)
साक्षीदार २ : शेजारचे शिंपी (सही)
ठिकाण : राहते घर, मागची खोली
दिनांक : १६ फेब्रुवारी २०२४, शुक्रवार