जाण्यासाठी राहण्याची परवानगी

ती. सौ. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. आईची तब्येत, भावोजींचा रक्तदाब आणि तुझा राग, तिन्ही आटोक्यात असावेत. मी ठीक आहे. इतकी वर्षं आईला भेटायला येत नाहीस, तिकडे असं काय पुरून ठेवलंय, असं तू मागच्या पत्रात विचारलंस. उत्तर लांबलचक आहे, तेव्हा गॅसवर दूध नसेल तरच वाच.

इथलं सरकार परक्या माणसांना कायम राहण्याची परवानगी देतं, पण मोजूनमापून. दर वर्षी प्रत्येक देशाच्या वाट्याला ठरावीक जागा, त्या भरल्या की खिडकी बंद. अर्ज केल्यावर निकाल लागेपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकलं की नंबर गेला, पुन्हा रांगेच्या शेपटाला. म्हणजे बघ, मला तुमच्याकडे चार दिवस येता यावं म्हणून इथे कायमचं राहण्याची परवानगी हवी आहे. (हे मी भावोजींना फोनवर समजावलं होतं. त्यांनी फोन तुझ्याकडे दिला.)

तर यंदा एकदाचं मुलाखतीचं बोलावणं आलं. तीन जणांची समिती, लांबलचक टेबल, आणि समोर मी, इस्त्रीचा कोट घालून. आपल्यावाचून या देशाचं कसं अडतं, एवढंच पटवून द्यायचं. आरशासमोर सगळं पाठ केलं होतं. पण अध्यक्ष बोलायला लागले आणि माझं लक्ष गेलं त्यांच्या वरच्या कवळीकडे. दर वाक्याला ती खाली यायची आणि ते जिभेने तिला वर ढकलायचे. तुला माहीतच आहे, मी दवाखान्याच्या मागच्या खोलीत दिवसभर कवळ्या घडवतो. माणसांपेक्षा त्यांचे प्लास्टरचे जबडे माझ्या जास्त ओळखीचे. ढिली कवळी दिसली की माझे हात शिवशिवतात. तुम्ही आमच्यासाठी काय करू शकता, असं अध्यक्षांनी विचारलं. मी पाठ केलेलं सगळं विसरलो, उठून त्यांच्यापाशी गेलो आणि म्हणालो, "आ करा."

त्यांनी केलाही. (दाताच्या डॉक्टरांपुढे बसण्यात त्यांची उमर गेलेली, सवयच ती.) ओठाच्या आतली शीर कवळीच्या कडेवर अडकून तिला खाली ढकलत होती, तेवढीच कड मी खिशातल्या कानशीने घासली, कवळी पाण्याने धुतली आणि परत बसवून दिली. (दारावरच्या पहारेकऱ्याने ती कानस नखांची समजून सोडली होती.) समितीतल्या बाई खुर्चीसकट मागे सरकल्या होत्या आणि तिसरे गृहस्थ सगळं टिपून घेत होते. मग अध्यक्षांनी पहिलं खणखणीत वाक्य उच्चारलं: यांना बाहेर बसवा. संपलं, आता सामान बांधायचं, असं मला वाटलं. पण थोड्या वेळाने कारकून सांगत आला की माझी गरज समितीला एकमताने पटली आहे. फक्त आपल्या देशाच्या वाट्याची शेवटची जागा सकाळीच एका सर्कशीतल्या कसरतपटूला गेली. अध्यक्ष स्वतः बाहेर येऊन माझं सांत्वन करून गेले, आणि तेवढ्या वेळात कवळी जागची हलली नाही. पुढच्या वर्षी पहिला नंबर माझा. तेव्हा ताई, एवढं एक वर्ष कळ काढ, आणि आईलाही समजाव.

तुझा,
धाकटा

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी तुझं पत्र पुन्हा वाचलं. आई मीटर बघायला आलेल्या माणसाला माझ्या नावाने हाक मारते आणि जेवायला बसवते, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसलो होतो. आज रडू आलं. पुढच्या वर्षी मी दारात उभा राहिलो आणि तिने मलाच मीटरवाला समजलं तर? आज जाऊन अर्ज मागे घेतला. महिनाअखेर येतोय, कायमचा.

आणखी एक. घराची मागची खोली मला कवळ्यांच्या कामाला लागेल. भावोजींची व्यायामाची सायकल तेवढी हलव. (तिच्यावर टॉवेलच वाळतात, असं तूच म्हणतेस.)

आणि शेवटचं. अर्ज मागे घेतल्याचं आईला सांगू नकोस. बाकी सगळं विसरली तरी मुलगा तिकडे मोठा साहेब आहे, हे ती विसरत नाही. सुट्टीवर आलाय म्हण. परत कधी जाणार, असं ती रोज विचारेल. आपण रोज सांगू, आजच तर आलाय.