जिन्याखालचा डबा

३ फेब्रुवारी

आले बाई एकदाची. दिराच्या घरी वरच्या मजल्यावर मला स्वतःची खोली आहे. खिडकी, पलंग, आणि आरसा असा की त्यात मी चांगली तरणी दिसते. खोटारडा आहे, पण माझ्या बाजूचा आहे. हे गेल्यापासून भाड्याच्या घरात एकटी होते, ते घर मालकाने विकलं, तर भाऊजी स्वतः न्यायला आले. बॅग उचलताना म्हणाले, वहिनी, दगड भरलेत का. मी म्हटलं, सासूबाईंचे दागिने आहेत, तुम्हाला न सांगता ढापलेले. जाऊ हसली नाही. तिला विनोद टपालाने जातो, उद्यापर्यंत पोचेल.

भिंती जाड, फोनला रेंज नाही. भाऊजींनी लगेच वायफायचा पासवर्ड घालून दिला. जिन्याखालच्या कोनाड्यात डबा आहे, त्यातून सगळ्या घराला नेट. घर एक, नेट एक, आपल्यात कसली लपवाछपवी, म्हणाले.

लपवाछपवी आहे थोडी. घड्याळं दुरुस्त करणारे एक विधुर आहेत, नेटवरच ओळख झाली. मी त्यांना घड्याळजी म्हणते. रोज दुपारी बोलतो; आता त्यासाठी रेंज शोधत रस्त्यावर जाईन, घरच्या नेटवर नको. त्यांनी लग्नाचं विचारलंय. मी अजून झुलवतेय, एवढी तरी करमणूक हवी की नको? पक्कं झालं की घरात सांगेन, ताठ मानेने. तोवर ते माझे एकटीचे. गेल्या कित्येक वर्षांत माझं एकटीचं असं काही नव्हतं.

७ फेब्रुवारी

काल फोनवर टाचांच्या भेगांवर औषध शोधलं. आज जेवताना जावेने विचारलं, ताई, टाचा फार दुखतात का? मी कुणापाशी बोलले नव्हते. भाऊजी तोंडात घास नसताना चावत होते, बकरीसारखे, सावकाश. मी म्हटलं, एकटेच काय मटकावताय? लाजले आणि गिळलं. गिळल्याचा आवाज आला.

आणि गंमत म्हणजे औषध काय होतं ते मला आठवेना. दोनदा वाचलं होतं.

११ फेब्रुवारी

फोनमध्ये एक गुपचूप खिडकी असते, त्यात पाहिलेलं कुणाला कळत नाही म्हणे. तीच उघडली आणि ह्यांचं आवडतं गाणं ऐकलं. रडले थोडी, छान वाटलं.

आज जाऊ भाजी निवडता निवडता तेच गाणं गुणगुणत होती. हनुवटीवरून लाळेची तार लोंबत थेट भाजीत पडली, तिने ती भाजीसकट कालवली. खोलीत येऊन गाणं म्हणून बघितलं तर चाल नाही, शब्द नाहीत. घासून लख्ख केलेल्या भांड्यासारखं डोकं रिकामं.

१३ फेब्रुवारी

मोबाइलच्या दुकानातल्या बाईकडे गेले. ती हसली. म्हणाली, आजी, ती खिडकी तुमच्या फोनातल्या पावलांचे ठसे पुसते फक्त. घरच्या डब्याला तुम्ही कुठल्या दारात गेलात ते दिसतंच. आत काय बोललात ते बहुतेक नाही दिसत, पण दार दिसतं. मी म्हटलं, आजी कुणाला म्हणतेस, माझं लग्न ठरतंय. तिने व्हीपीएन टाकून दिलं. तो बोगदा असतो, म्हणाली. त्यातून गेलात की डब्याला बोगद्याचं तोंड दिसतं, पुढचं काही नाही. मी गाण्याचं विचारलं तर म्हणाली, आठवण पुसणं काही डब्याचं काम नव्हे.

परत आले तर भाऊजी कोनाड्यात वाकलेले. डब्याच्या फटींत जीभ घालून चाटत होते. प्लास्टिक पिवळं पडलेलं, थुंकीने चिकट, कडेला मुंग्यांची रांग. मला बघून तोंड पुसलं आणि म्हणाले, धूळ फार बसते हो.

१६ फेब्रुवारी

म्हटलं, खा लेको. सकाळभर बोगदा बंद ठेवून घाण शोधली. तुंबलेली गटारं, अळ्या पडलेल्या जखमा, कानातला मळ. वाटलं, ओकत बसतील दोघं.

जावेने बोटं चाटली. भाऊजींनी ढेकर दिली, तिला गटाराचा वास होता. म्हणाले, वहिनी, तुमच्या हाताला चव आहे.

मी काय काय शोधलं ते मात्र आठवत नाही. तेवढं बरं झालं.

१९ फेब्रुवारी

दुपारी बोगद्यातून घड्याळजींना हो म्हटलं. पत्ता दिला. रविवारी येऊन मला घेऊन जाणार. बिचाऱ्यांच्या हातून नाजूक स्क्रू पडला म्हणे, अजून सापडला नाही.

खाली आले तर जाऊ जिन्याशीच उभी. माझा हात हुंगला, मनगटापासून कोपरापर्यंत. म्हणाली, "ताई, दुपारी डबा आंधळा होतो. तेव्हाच तुम्ही गोड असता."

तिच्या दातांत काहीतरी वळवळलं. मी बघितलं नाही. बघितलं.

२१ फेब्रुवारी

नेट बंद केलंय. बाहेरच्या दाराला कुलूप, चावी हरवली म्हणतात. दोघं जिन्यात बसलेत, तोंडं उघडी टाकून. लाळ पायरीवरून पायरीवर.

थोडंसंच सांगा, म्हणतात. तोंडानेच सांगा. कोण आहे तो.

नाही सांगणार.

२२ फेब्रुवारी

ते आले. बेल वाजली आणि चावी लगेच सापडली, नेटही सुरू झालं.

खाली धावले तर जावेने मधेच धरलं. तोंडावर हात दाबला. ओला, आंबलेला हात. खाली घड्याळजी सांगत होते की तिचा फोन लागत नाही, इथे रेंजही नाही. आणि भाऊजी, कसे गोड बोलले —

"अहो, त्यात काय, आमच्या वायफायला जोडा की."

जोडला. आमचं सगळं बोलणं त्यांच्या फोनात. त्यांच्याकडे कुठला बोगदा —

दोघं चावायला लागले. माझ्या कानाशी जावेचा जबडा. चप, चप.

मग सोडलं मला. घड्याळजींनी वर बघितलं, उभे राहिले, हात जोडले. भाऊजींना विचारलं, या कोण?

नंतर

अजून चावताहेत. विसरायच्या आत लिहिते. ते घड्याळं — दुरुस्त करतात. रोज दुपारी आम्ही — त्यांनी मला विचारलं आणि मी — काय म्हटलं मी?

जाऊ दारात आहे. गाल फुगलेत. गिळतेय.

बॅग का भरलीय मी

खाली कुणी म्हातारे गृहस्थ बसलेत. चांगले दिसतात. एकसारखे जिन्याकडे बघताहेत, जसं काही त्यांचं इथे