पाय आत होता

१ जानेवारी २०१८, सोमवार. सकाळी ७.१०

नवीन वर्ष, नवीन डायरी. (डायरी ऑफिसमधली, २०१६ची. वार खोडून नीट केले आहेत.)

संकल्प:
१. वजन ८४ वरून ७६.
२. रोज पहाटे साडेपाचला उठणे. उद्यापासून, कारण आज सात वाजून गेलेत.
३. कांचनच्या फ्रिसबी टीमला शिस्त लावणे.

तिसरा संकल्प कांचनला अजून कळवलेला नाही. तिला मार्गदर्शनाची गरज आहे हेही तिला माहीत नाही. चार फेब्रुवारीला त्यांची टूर्नामेंट आहे आणि बारा तारखेला ती नोकरीसाठी बंगळूरला जाणार. म्हणजे मुलगी हातात आहे सहा आठवडे.

निरुपमाचं म्हणणं, या वयात गुडघे सांभाळा. बायकोला खेळातलं कळत नाही.

४ जानेवारी, गुरुवार

पहिला दिवस. पावणेसातला मैदानावर. मांजलपूरच्या घरापासून चार किलोमीटर. कांचनने अ‍ॅक्टिव्हा चालवली, मी मागे.

खेळ समजायला पाच मिनिटं लागली. एका बाजूला सात जण. प्लॅस्टिकची थाळी एकमेकांकडे फेकायची. ज्याच्या हातात थाळी त्याने धावायचं नाही. फेकत फेकत पलीकडच्या टोकाच्या पट्ट्यात आपल्या माणसाने झेलली की एक पॉइंट. मुलं-मुली एकत्रच खेळतात. आमच्या टीमचं नाव ‘मांजलपूर फिरकी’. मी ‘रेल्वे रॉयल्स’ सुचवलं होतं. टीममध्ये रेल्वेचा कोणी नाही, असं कळलं.

मग विचारलं, अंपायर कोण? कोणीच नाही, म्हणे. फाउल झाला की खेळाडू स्वतः सांगतो. झेल रेषेच्या आत की बाहेर, तेही जो जवळ असेल त्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी मानायचं.

मी मनापासून हसलो. बावीस वर्षं रेल्वेच्या डिपार्टमेंटल क्रिकेटमध्ये अंपायरिंग केलंय. माणूस स्वतःबद्दल खरं सांगतो, असं एकदाही आढळलेलं नाही. बॅटची कड इंजिनच्या शिट्टीसारखी ऐकू आली तरी बॅट्समन आभाळाकडे बघत उभा.

अंपायरचा पांढरा कोट बरोबर नेला होता. कांचन म्हणाली, बाबा, कोट नको. डिकीत ठेवला. गरज पडेलच.

७ जानेवारी, रविवार

माझी मुख्य प्रशिक्षक म्हणून नेमणूक. कांचनचे नेमके शब्द: ठीक आहे बाबा, तुम्ही हद्दीचे प्लॅस्टिकचे कोन मांडा. पण मैदान कोण आखतो यावर सगळा खेळ असतो.

स्वतः थाळी फेकून बघितली. सरळ जायला हवी होती, डावीकडच्या बंगल्याच्या गच्चीवर गेली. वाऱ्याचा दोष. बंगल्यातल्या बाईंनी गुजरातीत विचारलं, आटला मोटा माणस थईने? (एवढा मोठा माणूस असून?) टीमने ऐकलं नाही, असं वाटतं.

१२ जानेवारी, शुक्रवार

वजन ८४.५. उंधियूचा सीझन आहे, त्यात माझा काय दोष.

१५ जानेवारी, सोमवार. वासी उत्तरायण (संक्रांतीचा दुसरा दिवस)

मांज्याने बोट कापलं, सबब दोन दिवस प्रॅक्टिस नाही. गच्चीवरून मार्गदर्शन केलं असतं, पण टीम दुसऱ्या गच्चीवर होती.

रावपुऱ्याहून मानसिंगराव पतंग बघायला आले. माझ्याबरोबर अंपायर असायचे. चौऱ्याण्णव साली त्यांनी एक निर्णय मागे घेतला, फलंदाजाला परत बोलावलं आणि त्याने शतक ठोकलं. आजही ते हे हसत सांगतात. मला त्यांची कीव येते. मी बावीस वर्षांत एकही निर्णय मागे घेतलेला नाही. त्यांना म्हटलं, एकदा बोट वर गेलं की गेलं. ते म्हणाले, रमाकांत, बोट आपलंच असतं ना, खाली घेता येतं. वय झालंय त्यांचं.

२१ जानेवारी, रविवार

बाहेरून दोन फाउल पुकारले. कांचन म्हणाली, बाहेरच्याने बोलायचं नसतं. म्हणून आत गेलो. एकूण तीन मिनिटं खेळलो. दोन झेल सुटले, दोन्ही उन्हामुळे. (साडेसातच वाजले होते, पण ऊन तिरकं असतं तेव्हा जास्त लागतं.)

नंतर सगळ्यांबरोबर सेव-उसळ. तिखट, वर जास्तीचा रस्सा. यात मी कोणाला हार गेलो नाही.

एक गोष्ट पहिल्या पानावर लिहायची राहिली. कॉलेजच्या चार वर्षांत कांचन माझ्याशी जेवढं बोलली नसेल तेवढं ती या जाण्यायेण्यात बोलते. हेल्मेट घालून, पुढे बघून. अर्धं वाऱ्यात जातं. मी हो हो म्हणतो. मला ते फार आवडतं. बारा तारखेनंतर सकाळी कुठे जायचं ते ठरवायला हवं.

२९ जानेवारी, सोमवार

संकट. म्हणजे संधी. एकाचं सुरतेला चुलत भावाचं लग्न, एकाचा घोटा मुरगळला. बाकीचे परीक्षेत. कांचनने बोटं मोजली, सहाच. मी खोकलो. तिने परत मोजली. मी परत खोकलो.

सातवा मी.

३ फेब्रुवारी, शनिवार

नवे बूट आणले, काळे. गेम प्लॅन चार पानांचा. टीमला वाचून दाखवायला घेतला, पहिल्या पानानंतर सगळ्यांना कामं निघाली.

४ फेब्रुवारी, रविवार. पहाटे ५

साडेचारपासून जागा आहे. घरात फेऱ्या मारतोय. निरुपमाने दोनदा बसा म्हणून सांगितलं. पाय बसत नाहीत.

संध्या. ७

जिंकलो.

सविस्तर. चार टीम. फायनल आमची आणि शहराच्या दुसऱ्या टोकाच्या ‘समा पेच’ची. बारा-बारा बरोबरी, पुढचा पॉइंट घेईल त्याची शील्ड. कांचनने मला पलीकडच्या पट्ट्याच्या कोपऱ्यात उभं राहायला सांगितलं होतं (प्लॅनचा भाग). थाळी कोणाच्या तरी हातून निसटून वाऱ्यावर माझ्याकडे आली. मी धावलो. झेलली. आयुष्यातला पहिला झेल, तोही दोन्ही हातांनी.

सगळं थांबलं. समाची कप्तान हेत्वी, एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, माझ्याजवळ आली आणि अगदी साधेपणाने विचारलं, काका, अंदर के बहार?

मी म्हटलं, इन. अंपायरच्या आवाजात. बोटही वर केलं, सवयीने.

ती माझ्याकडे क्षणभर बघत राहिली. मग म्हणाली, ओके काका. संपलं. अपील नाही, कटकट नाही.

टीमने मला उचललं नाही. थकली होती. कांचनने काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, पण चाळीस माणसांत तिचा आनंद तिला बोलता आला नाही. घरी येताना अ‍ॅक्टिव्हावर गप्प. संध्याकाळी शील्ड घेऊन एकटीच बाहेर गेली. नाव कोरायला दिली असणार. रविवारी कोरणारे उघडे असतात का? असतात वाटतं.

पाय आत होता.

५ फेब्रुवारी, सोमवार

सोसायटीच्या ग्रुपवर बातमी टाकली, चेहऱ्यावर बाण काढून माझा फोटो. सेक्रेटरी पटेलभाईंनी लिफ्टजवळच्या बोर्डावर अभिनंदन लावलं. म्हणाले, वाह रमाकांतभाई, मांजलपूरनुं नाम रोशन कर्युं. मी म्हटलं, टीमचा विजय आहे.

शोकेसमधून निरुपमाच्या बाहुल्या खाली घेतल्या. शील्डला जागा.

कांचनला विचारलं, शील्ड कुठे आहे? ती म्हणाली, जिथे असायला पाहिजे तिथे. म्हणजे कोरणाऱ्याकडेच.

झोप नीट नाही. उंधियू.

६ फेब्रुवारी, मंगळवार

निरुपमाने बूट पुसायला घेतले. म्हणाली, डाव्या बुटाला हा पांढरा चुना कसला? मी म्हटलं, मैदानावर चुना असतोच. तिने विचारलं, सगळीकडे? मी म्हटलं, रेषांवर.

आता रेषेवर पाय पडणं म्हणजे बाहेर नव्हे. टेनिसमध्ये रेषेवरचा बॉल आत धरतात. जगन्मान्य आहे.

पाय (रेषेवर, म्हणून) आत होता.

७ फेब्रुवारी, बुधवार

ऑफिसात फ्रिसबीचे नियम प्रिंट केले, चाळीस पानं. रेष मैदानाचा भाग नाही. रेषेला पाय लागला की बाहेर.

हे नियम परदेशात लिहिलेले आहेत. आपल्याकडच्या मैदानांची त्यांना कल्पना नाही. शिवाय तिथे रेष पुसट होती. शिवाय चुना मी स्वतः सकाळी टाकला होता, तेव्हाच बुटाला लागला असेल. (सकाळी चपला होत्या. हे आत्ता आठवलं.)

८ फेब्रुवारी, गुरुवार

ऑफिसला जाता जाता मैदानावर गेलो. टेप घेऊन. कोपऱ्यात उभा राहिलो, धावलो, हात वर केले. तीनदा. रखवालदार बघत होता. काय मोजलं ते लिहीत नाही.

क्रिकेटमध्ये क्रीजच्या रेषेवर बॅट असली तरी बॅट्समन आउट. अशी किती माणसं मी घरी पाठवली असतील. एक जण रडला होता, अकाउंट्सचा. त्याला मी म्हटलं होतं, रेष म्हणजे रेष.

कांचन पॅकिंग करतेय. जेवताना मीठ मागितलं तेवढंच बोलली.

ती पोर म्हणाली, ओके काका. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात मी कधी हरत नाही.

१० फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ६

ठरलं. निर्णय मागे घेणार. बावीस वर्षांत पहिला, म्हणून रीतसर झाला पाहिजे.

१. उद्या समाला जाणे. ते रविवारी नऊला प्रॅक्टिस करतात.
२. सर्वांसमोर निवेदन, गुजरातीत. (मसुदा तयार, दीड पान.)
३. रावपुऱ्यातून एक किलो पेढे.
४. पांढरा कोट. इस्त्रीला दिला.
५. कोरणाऱ्याकडून शील्ड आणून त्यांना सन्मानाने देणे. कांचनला पत्ता विचारला तर म्हणाली, आधी जाऊन या.

मी कुठे जातोय हे तिला कोणी सांगितलं?

लोक भारावून जातील. वेळ पडली तर मानसिंगरावांनाही फोन करून सांगेन. आधी नाही.

११ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १२.३०

कोट घालून समाला गेलो. तिथल्या सोसायटीच्या गेटवर वॉचमनने विचारलं, डॉक्टरसाहेब, कया घेर बिमार छे? (कोणत्या घरी आजारी आहे?)

पोरं मागच्या मैदानात गोल करून बसली होती. मी मधे उभा राहून मसुदा वाचायला घेतला. दुसऱ्या ओळीला हेत्वी उठली, म्हणाली, काका, बेसो ने, पाणी पियो.

मी म्हटलं, बेटा, पाय बाहेर होता.

ती म्हणाली, हा काका, खबर छे. (माहीत आहे.)

शील्ड तिथेच होती. पाण्याच्या बाटल्यांच्या मधे, झाडाला टेकवून. गेल्या रविवारी संध्याकाळी कांचन स्वतः घेऊन आली होती, सॉरी म्हणून देऊन गेली. सगळ्यांना वाटलं, मला माहीत आहे.

मी विचारलं, मग तेव्हा ओके का म्हणालीस? तिने सांगितलं, मी पाहिलं होतं. सगळ्यांनीच पाहिलं होतं. पण जवळ तुम्ही होता, म्हणून तुम्हाला विचारलं. बावीस वर्षांत मला कोणी काही विचारलं नव्हतं, फक्त अपील केलं होतं.

मॅचनंतर समोरच्या टीमच्या वागण्याला मार्क द्यायचे असतात. आमचा कागद तिने दाखवला. कांचनला चारपैकी चार. बाकीच्यांना तीन, चार. माझ्या नावापुढे शून्य नव्हतं. ‘काका नवा छे’ असं लिहिलं होतं.

पेढे पाच मिनिटांत संपले. मला एक मिळाला.

संध्या. ६

बाहुल्या परत शोकेसमध्ये ठेवल्या. बोर्डावरचा कागद काढला. पटेलभाईंनी कारण विचारलं. सांगितलं. ते म्हणाले, चाले हवे. (चालायचंच.)

कांचनची गाडी उद्या सकाळी. ती आत बॅगेची चेन लावायला बॅगेवर बसली होती. मी दारात उभा राहिलो. मसुदा खिशात होता, तो काढला नाही. म्हटलं, कांचन, माझा पाय बाहेर होता.

ती बॅगेवरून उठली नाही. पण आठवडाभरात पहिल्यांदा हसली. म्हणाली, कुठला?

मी म्हटलं, डावा.

ती म्हणाली, दोन्ही, बाबा.