फाटकावरचे यंत्र

२८ एप्रिल १९४६, नागपूर
जबलपूरहून आज पोचलो. धंतोलीत खोली मिळाली. घरमालकीण यमुताईंनी आल्या आल्या पन्हे पाजले आणि डोक्याला पंचा बांधल्याशिवाय बाहेर पडलास तर याद राख, असा दमही भरला. मला आवडल्या. नोकरी मजेची आहे. गणपतरावांनी लढाईतून उरलेले सामान घाऊक घेतले आहे, त्यांच्या गोदामात बायका त्यातले तांबे-पितळ निवडतात. त्या ढिगातच सुरुंग शोधायचे एक यंत्र निघाले. ते मी दुरुस्त करून फाटकावर चालवायचे, म्हणजे कमरेला तांबे खोचून कोणी नेणार नाही. लष्करी वर्कशॉपात चार वर्षे हेच केले. आपल्या हातचा मळ.

३ मे
यंत्र बोलू लागले. काठीच्या टोकाला लाकडी तबकडी, तिच्यात तारेची वेटोळी. जवळ धातू आला की ते गुणगुणते. वेटोळी जराशी हलली तरी उगाच गुणगुणते, म्हणून ती मेणात घट्ट बसवावी लागतात. लष्करी मेण यायला पंधरा दिवस लागले असते. कोण थांबतो? इतवारीच्या बाजारातून मेणबत्त्या आणून वितळवून ओतल्या. कानाला लावायच्या चकत्या काढून भोंगा जोडला, सगळ्यांना ऐकू यावे म्हणून. गणपतरावांनी पाठ थोपटली आणि मी फुगलो.

९ मे
दुपारच्या सुट्टीत बायका एकेक करून डोरले, जोडवी टेबलावर काढून ठेवतात, मग मी काठी फिरवतो. त्या माना खाली घालून उभ्या राहतात. मलाच वर बघवत नाही. जमादार नत्थूजी म्हणाला, होईल सवय.

१४ मे
आज बाराच्या सुट्टीत रंभाबाईवर यंत्र गुणगुणले. तिने डोरले काढले, जोडवी काढली, केसांतला आकडाही काढला. तरी गुणगुण. नत्थूजी माल दे म्हणून दरडावू लागला, तेव्हा ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आता काय काढू गा बाबू, कातडं?" कबूल होईपर्यंत उन्हात उभी करा, असा गणपतरावांचा हुकूम झाला. मी तबकडी चाचपली. मेण बोटाला चिकटले. ते उन्हाने पातळ झाले होते, वेटोळी सुटली होती. मला तेव्हाच सगळे कळले. पण एवढ्या लोकांसमोर माझी कारागिरी उघडी पडली असती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून गप्प बसलो. तीनच्या सुमारास ती कोसळली. दवाखान्यात नेईपर्यंत गेली.

१५ मे
तिचा नवरा चंपतराव डोरले न्यायला आला. तिने खरेच चोरले काय, असे त्याने मलाच विचारले. मी नत्थूजीकडे बोट दाखवले. लिहितानाही लाज वाटते.

१७ मे
गुपचूप मेण बदलले. यंत्र आता निर्दोष आहे. तरी बरोबर बाराला, जवळ कोणी नसताना ते गुणगुणले. मी बॅटऱ्या काढल्या. गुणगुण चालूच.

१८ मे
तबकडी माझ्याकडे वळली की आवाज चढतो. पट्टा काढला, अंगठी काढली, जानव्याची किल्ली काढली. तरी तेच. बायका बघत होत्या. कोणी हसले नाही.

१९ मे
आज सांगायचेच ठरवले. चंपतराव फाटकाशी आला होता. तोंड उघडले — शब्द नाही — गुणगुण. माझ्या घशातून. तो मागे सरकला.

२० मे
यमुताईंकडे पाणी मागायला गेलो. त्यांनी कान झाकून दार लावले. ओठ मिटले की आवाज थांबतो. गप्प राहिले की झाले — तेवढे मला येतेच —

२१ मे, दुपार
बोलता येत नाही, लिहिता तर येते. चंपतरावाला ही वही द्यावी.
रंभाबाईने काही चोरले नाही. यंत्र बिघडले होते.
दाराशी उन्हात कोणी उभी आहे. पाय मोकळे, गळा मोकळा. लिहिलेले वाचावे तशी वाकून बघते. जात नाही.
मेण चुकीचे पडले होते.
अजून जात नाही. ओठ मिटलेत तरी गुणगुण — वहीतून —
मेण कोणी — लिहितो, बाई, लिहितो —
मेण मी